३२७ ला मॅनिफोल्ड कोणतं बसवायचं?

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९६५ ची शेव्हरोले इम्पाला सुपर स्पोर्ट आहे. डाव्या स्टिअरिंगची, ३२७ घनइंची व्ही-एट इंजिन, दोन गिअरची ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड. बरीच वर्षं बंगल्यात झाकून ठेवलेली होती. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तो बघून आलो आणि गाडी पुन्हा चालू करायची असं घरात ठरलं. इंजिन उघडून झालं. रिंगा, बेअरिंगं नवीन आहेत, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच ठेवला. आता एक्झॉस्टपाशी अडलंय. उजवीकडचं मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा बिडाचा भाग) तडकलंय, त्याच्याबरोबर डावंही बदलावं म्हणतो. एक मित्र सांगतो, अमेरिकेतून लाँग ट्यूब हेडर (बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी पत्र्याच्या लांब नळ्या) मागव, भरपूर हॉर्सपॉवर वाढेल. गॅरेजवाले भाई म्हणतात, हेडर लावलात तर बॅक प्रेशर (एक्झॉस्टमधला धुराचा उलटा दाब) जाईल आणि व्हॉल्व्ह जळतील. कोणाचं ऐकू? गाडी रविवारी पावागढपर्यंत आणि वर्षातून एक-दोनदा एक्स्प्रेसवेनं अहमदाबादला, एवढीच चालणार आहे.
— एक वाचक, अकोटा, वडोदरा

उत्तर : कॅम मूळचा आहे आणि गाडी पावागढपर्यंत जाणार आहे, या दोन गोष्टींवर तुमची निवड ठरते. म्हणून मत आधी सांगतो, कारणं मागून. अडीच इंची तोंडाची, बिडाची, मधोमध खाली उतरणारी जी ‘रॅम्स हॉर्न’ मॅनिफोल्ड येतात, त्यांची चांगली जोडी शोधा. हेडर घेऊ नका.

आधी सध्या गाडीवर काय आहे ते नीट बघा. वायर ब्रशनं गंज झाडला की बाहेरच्या अंगावर ओतलेला कास्टिंग नंबर दिसेल. बऱ्याचदा त्याच्या जवळच एक इंग्रजी अक्षर आणि दोन-तीन आकडे असतात. तो ओतल्याचा दिवस. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. मग तारीख, आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. ‘सी १४ ५’ असं दिसलं तर १४ मार्च १९६५. तुमच्या गाडीच्या बांधणीच्या थोडी आधीची तारीख निघाली तर ते मॅनिफोल्ड कारखान्यातून गाडीबरोबर आलेलं आहे असं धरायला हरकत नाही. असं असेल तर तडकलेलं असूनही ते भंगारात घालू नका. नंबर आणि तारीख जुळणारा मूळ भाग पुन्हा मिळत नाही.

मग तोंड मोजा. शेव्हीनं (म्हणजे शेव्हरोलेनं) या घाटाची मॅनिफोल्ड दोन इंची तोंडाचीही केली आणि अडीच इंचीही. चार सुतांचाच (अर्ध्या इंचाचा) फरक आहे, पण भोकाचं क्षेत्रफळ काढलंत तर अडीच इंचीचं दीडपटीहून जास्त भरतं. बोल्टांची जागा तीच, हेड तेच, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळतही नाही. म्हणून मला ही वाट आवडते. गाडी मूळ दिसते आणि इंजिनाला श्वास मिळतो.

घाटाचं महत्त्व फायरिंग ऑर्डरवरून, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमावरून कळतं. शेव्हीच्या लहान व्ही-एटचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलं तर डाव्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८. आता क्रम पुन्हा वाचा. पाचच्या पाठोपाठ सात येतो. दोन्ही डावीकडचे आणि दोन्ही एकमेकांना लागून. क्रँक ९० अंश फिरतो न फिरतो तोच सातचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेव्हा पाचचा पिस्टन अजून आपला धूर ढकलतच असतो. सातचा पहिला दणका मोठा असतो. दोघांना एकच सरळ नळी दिली, जशी साध्या ओंडक्यासारख्या लॉग मॅनिफोल्डमध्ये असते, तर तो दणका पाचच्या पोर्टवर उलटा आदळतो. उजवीकडे आठ आणि चारचं तसंच, फक्त ते दोघे शेजारी नाहीत. रॅम्स हॉर्नमध्ये टोकाच्या पोर्टांचे रस्ते वळण घेऊन खाली येतात आणि मधल्या दोघांना तोंडाजवळ भेटतात. पूर्ण वेगळे राहत नाहीत, पण लॉगपेक्षा पुष्कळ बरं. हेडरमध्ये चारही नळ्या थेट कलेक्टरपर्यंत (त्या जिथे एकत्र येतात तिथपर्यंत) वेगळ्या राहतात, म्हणून कागदावर हेडरच श्रेष्ठ ठरतो, आणि शर्यतीच्या गाडीवर तो आहेच.

पण हेडरचा खरा फायदा कधी मिळतो? कॅमचा ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ) वाढवलेला असेल आणि इंजिन पाच हजारांच्या वर फिरवत असाल तेव्हा. तुमची पॉवरग्लाइड एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरला तीन हजारांच्या आतच फिरणार. मूळ कॅमवर त्या पट्ट्यात चांगली बिडाची जोडी आणि हेडर यांच्यातला फरक तुम्हाला सीटवर बसून कळणार नाही. मित्रानं ऐकलेले हॉर्सपॉवरचे आकडे बदललेल्या कॅमच्या इंजिनांवरचे असणार. आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या जी हॉर्सपॉवर छापत ती ‘ग्रॉस’ असे. इंजिन स्टँडवर ठेवून, गाडीचा सायलेन्सर आणि बाकीचा भार न लावता मोजलेली. १९७२ च्या मॉडेलांपासून गाडीतल्या एक्झॉस्टसकट मोजलेली ‘नेट’ छापू लागले. तेव्हा तुमच्या एअर क्लीनरवरचा आकडा मुळात सायलेन्सरशिवायचा आहे. त्यात हेडरची बेरीज करून काही हाती लागत नाही.

आता आपल्या रस्त्यांचं. लाँग ट्यूबचा कलेक्टर चॅसिसच्या खाली लोंबतो. अकोट्यातून निघून हायवेला लागेपर्यंत किती स्पीड ब्रेकर लागतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि सोसायट्यांनी स्वतःच घातलेले वेगळेच. इम्पाला लांब आणि मऊ स्प्रिंगांची गाडी. मागच्या सीटवर तीन माणसं बसली की कलेक्टर घासणार. घासून फ्लँज (पाइप जोडायची बोल्टांची चकती) वाकला की गॅस्केट फुंकलं जातं, आणि मग दर महिन्याला गाडीखाली शिरायचं.

दुसरं, उष्णता. शेव्हीचा स्टार्टर उजवीकडे खाली असतो आणि सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) त्याच्याच डोक्यावर. हेडरच्या नळ्या तिथूनच उतरतात. गाडी तासभर चालवून पेट्रोल पंपावर बंद केली की दहा मिनिटांनी स्टार्टर ढिम्म हलत नाही. गाडी निवेपर्यंत उभं राहायचं. ही तक्रार अमेरिकेतही जुनी आहे, मग आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना काय होईल? बिडाचं मॅनिफोल्डही तापतं, पण ते स्टार्टरपासून लांब, मधोमध उतरतं. शिवाय स्वस्त हेडर जेमतेम सव्वा मिलिमीटर पत्र्याच्या नळीचे असतात. पावसाळे सोसायची त्यांच्यात ताकद नसते.

गॅरेजवाल्या भाईंचा निष्कर्ष बरोबर आहे, हेडर नको. पण बॅक प्रेशरचं कारण मला मान्य नाही. कुठल्याच इंजिनाला बॅक प्रेशरची गरज नसते. गरज असते ती नळीतल्या धुराच्या वेगाची, म्हणून गरजेपेक्षा मोठी नळीही वाईट. व्हॉल्व्ह जळतात ते वेगळ्या कारणानं. एक्झॉस्ट मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं, कार्ब्युरेटरचे जेट जुनेच राहतात, मिश्रण पातळ पडतं आणि ज्वलनाची उष्णता वाढते. तेव्हा अडीच इंची जोडी लावल्यावरही प्लग काढून बघा. चिनीमातीचा रंग पांढरा पडला असेल तर जेट एक-दोन नंबर वाढवा. फिक्का तपकिरी असेल तर तसंच ठेवा.

जोडी विकत घेताना तीन गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटसाठी ओतलेली, आटे पाडलेली गाठ. १९६८ पर्यंतच्या हेडांना टोकाशी ब्रॅकेटची भोकं नसतात आणि अल्टरनेटर डावीकडे मॅनिफोल्डच्या आधारानं लटकतो. १९६९ पासून तो उजवीकडे गेला आणि हेडांना भोकं आली. नंतरच्या गाडीचं गाठ नसलेलं मॅनिफोल्ड घेतलंत तर ते हेडवर छान बसेल, पण अल्टरनेटर टांगायला जागा उरणार नाही. दुसरी, तोंडाशी असलेले तीन स्टड. तिथले आटे गेलेले असतील तर किंमत निम्मी करा. तिसरी, हेडला टेकणारी बाजू. त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घाला. दहा थाऊंचं (इंचाच्या शंभराव्या भागाएवढं) पान कुठे शिरलं तर आधी मिलिंगवर फेस मारून, म्हणजे ती बाजू सपाट करून घ्यावी लागेल. मकरपुरा जीआयडीसीत हे काम करणारे पुष्कळ आहेत. फक्त चारही पोर्ट एकाच बांधणीत मारायला सांगा, एकेक करून नाही.

उजव्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी एक हीट रायझर व्हॉल्व्ह असतो, बाहेर वजन आणि गुंडाळलेली स्प्रिंग दिसते. थंडीत इंजिन गार असताना तो बंद राहून उजव्या रांगेचा धूर इनटेकच्या पोटातून पलीकडे पाठवतो, म्हणजे कार्ब्युरेटरचं बूड लवकर गरम होतं. मिशिगनच्या थंडीत त्याचा उपयोग आहे. वडोदऱ्यात गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो गंजून बंद अवस्थेतच अडकतो. मग उजवी अख्खी रांग कोंडते, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं, आणि माणसं इग्निशन, पंप, टाकी सगळं उघडून बसतात. तुमचं उजवंच मॅनिफोल्ड तडकलंय, म्हणून आधी हा व्हॉल्व्ह हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर तडकण्याचं कारण तेच असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या हवेत तो काढून त्याच जाडीचा स्पेसर बसवावा. जाडी बदलली तर खालचा पाइप जुळत नाही.

बसवताना कंपनीचंच माप पाळा. मधल्या बोल्टांना ३० फूट-पाउंड, टोकाच्या बोल्टांना २०. माझ्याकडे येणारे तरुण फिटर सगळे बोल्ट सारखेच आवळतात, जोर लावून. तसं करायचं नाही. पहिल्या पोर्टपासून चौथ्यापर्यंत साधारण चाळीस सेंटिमीटर बीड आहे. ते पाचशे अंशांनी तापलं की दोन मिलिमीटरच्या आसपास लांबतं. टोकांना सरकायला वाव हवा, म्हणून तिथला ताण कमी. तो वाव दिला नाही तर बीड स्वतःच वाट काढतं, म्हणजे तडकतं. कारखान्यात या जोडावर गॅस्केटही घालत नसत, मशीन केलेल्या दोन सपाट बाजू थेट बसत. फेस नवा मारलेला असेल तर तुम्हीही घालू नका. जुनाच फेस ठेवणार असाल तर पातळ गॅस्केट घाला, आणि इंजिन दोन-तीनदा तापून निवलं की बोल्ट पुन्हा तपासा.

आणि हे सगळं करून खालचा पाइप दोन इंचाचा, एकाच सायलेन्सरचा ठेवलात तर अडीच इंची तोंडाचा काही उपयोग नाही. दोन्ही बाजूंना वेगळे सव्वादोन किंवा अडीच इंची पाइप, आणि दोघांना मधे जोडणारी एक आडवी नळी. त्या आडव्या नळीनं ५-७ आणि ८-४ चे दणके वाटले जातात आणि आवाज घुमतो तो खोल, फाटका नाही.

नोंदणीचंही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. बिडाची जोडी लावलेलं बॉनेट उघडून दाखवताना तुम्हाला कोणाला काही समजावत बसावं लागणार नाही.

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा १९६६ ची मस्टँग, २८९ इंजिनाची, बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर प्लग काढून सिलिंडर कोरडे केले, तेल बदललं, इंजिन हातानं फिरतंय. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट मात्र जाम आहेत आणि उजव्या मॅनिफोल्डवर एक रेष दिसते, ती भेग की ओरखडा ते कळत नाही. एकानं सुचवलंय की राजकोटला हेच मॅनिफोल्ड नमुना म्हणून दिलं तर तसंच नवीन ओतून मिळेल. जमेल का?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : प्लग काढून आधी पाणी बाहेर काढलंत आणि स्टार्टर मारला नाहीत, यातच इंजिन वाचलं.

बोल्ट तीन सूत जाडीचे, जाड आट्यांचे आहेत. थेट सोडवायला जाऊ नका. आधी आवळायच्या दिशेनं किंचित जोर द्या, गंज तुटल्याचा बारीक ‘टक्’ आवाज येतो. मग गॅस कटिंगच्या छोट्या नोजलनं बोल्टाचं डोकं मंद लाल करा. लाली गेली की गरम असतानाच मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत शोषलं जातं. आता पाव फेरी सोडवा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि याला दुसरी वाट नाही. डोकं तुटून बोल्ट हेडमध्ये राहिला तर हेड उतरवून ड्रिल मशीनवर न्यावं लागतं, आणि तो खर्च मॅनिफोल्डपेक्षा मोठा.

भेग तपासायला घरगुती साधन पुरतं. मॅनिफोल्ड स्वच्छ करून बाहेरून पांढऱ्या खडूची पूड पाण्यात कालवून लावा आणि वाळू द्या. मग आतून रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास ठेवा. आरपार भेग असेल तर पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते, केसाएवढी बारीक असली तरी. ओरखडा असेल तर काही उमटत नाही. भेग निघाली आणि ती फ्लँजपर्यंत गेलेली नसेल तर दुरुस्त होते. दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडून तिची वाढ थांबवा, भेग व्ही आकारात खोला, आणि निकेल रॉडनं वेल्डिंग करून घ्या. एका वेळी इंचभरच टाका, तो लाल असतानाच छोट्या हातोडीनं ठोकून घ्यायचा, हात लावता येईल इतका निवला की पुढचा. सलग ओढलेला टाका दुसऱ्या दिवशी शेजारीच फुटतो. पितळेचं ब्रेझिंग करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. पाण्याच्या जॅकेटला ते चालतं, एक्झॉस्टच्या उष्णतेत पितळ मऊ पडतं.

राजकोटचं. तिथले ओतारी उत्तम आहेत, पण जुनं मॅनिफोल्डच पॅटर्न म्हणून वाळूत दाबलंत तर निघणारी वस्तू आखूड भरेल. बीड गोठताना आणि निवताना फुटाला एक सूत आकसतं. आपल्याकडे कलाभवनात शिकून बाहेर पडलेले जुने पॅटर्नमेकर याच कारणासाठी वेगळी, लांब आखलेली पट्टी वापरत. सोळा इंचांच्या अंतरात चार मिलिमीटर जातात. टोकाची भोकं बोल्टांना भेटत नाहीत. भोकं कोरून मोठी केली तर बोल्ट बसतील, पण पोर्ट पोर्टासमोर येणार नाही, आणि हेडच्या भोकापुढे मॅनिफोल्डची कड आडवी उभी राहील. मॅनिफोल्डचं भोक हेडपेक्षा किंचित मोठं चालतं, लहान अजिबात चालत नाही. तेव्हा ओतायचंच असेल तर माप वाढवून लाकडी पॅटर्न, आतल्या रस्त्यांचे कोअर (पोकळी राखणारे वाळूचे गाभे) आणि फेस मारायला जादा माल, एवढं सगळं हवं. एका गाडीसाठी हा खर्च वाजवी नाही. वडोदरा, अहमदाबाद मिळून चार-पाच २८९ वाले एकत्र आलात तर मी स्वतः पॅटर्नमेकरकडे यायला तयार आहे.

तोवर वापरलेलं मॅनिफोल्ड शोधा. फोर्डचे नंबर वाचायला सोपे. सी ५ म्हणजे १९६५, सी ६ म्हणजे १९६६. पुढचं झेड हे मस्टँगचं अक्षर. मधला ९४३० म्हणजे उजवं, ९४३१ म्हणजे डावं. त्याच काळातल्या २७१ हॉर्सपॉवरच्या हाय-परफॉर्मन्स २८९ ची बिडाची मॅनिफोल्ड साध्या २८९ च्या हेडवर बसतात, जास्त मोकळी असतात आणि त्यांच्या नव्या नकला अमेरिकेत मिळतात. खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा. एक अट : तुमची गाडी उजव्या स्टिअरिंगची करून घेतलेली असेल तर मागवण्याआधी उजव्या बाजूला स्टिअरिंग बॉक्स आणि ब्लॉक यांच्यामधली जागा मोजा. तिकडचे कॅटलॉग डाव्या स्टिअरिंगसाठीच लिहिलेले असतात.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो. त्यानं तिथे १९६८ ची पाँटिअॅक जीटीओ घेतली आहे, ४०० इंजिन. तुमचा सल्ला विचारून कळवा म्हणाला : शेव्हीची मॅनिफोल्ड स्वस्त मिळतात, ती बसतील का? नाहीतर काय घ्यावं?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही बसणार. दोन्ही कंपन्या जनरल मोटर्सच्या आणि फायरिंग ऑर्डरही एकच, पण पाँटिअॅकचं इंजिन वेगळं, हेड वेगळं, बोल्टांची आखणी वेगळी.

त्याला आधी हेडच्या पोर्टांचा आकार बघायला सांगा. साध्या ४०० ला डी आकाराचे पोर्ट असतात, एक बाजू सपाट. १९६८ च्या मधे आलेल्या रॅम एअर टू ला आणि १९६९ च्या रॅम एअर फोर ला, या पाँटिअॅकच्या जास्त जोराच्या इंजिनांना, गोल पोर्ट होते. डी पोर्टवर गोल पोर्टाचं मॅनिफोल्ड किंवा उलट, काहीही नीट जुळत नाही. त्याची गाडी साधी असेल तर डी पोर्टच निघतील, आणि त्यांच्यावर मूळचं लॉग घाटाचं मॅनिफोल्ड असेल.

पाँटिअॅकनं स्वतःच जोरदार गाड्यांसाठी लांब फाट्यांची बिडाची मॅनिफोल्ड केली होती. त्यांत प्रत्येक सिलिंडरचा रस्ता बराच खालपर्यंत वेगळा राहतो. डी पोर्टसाठी त्यांच्या नव्या ओतलेल्या नकला तिकडे सहज मिळतात. तीच घ्यावीत. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पत्र्याच्या हेडरपेक्षा बीड जास्त टिकतं. तिकडे हीट रायझरचाही उपयोग आहे, म्हणून चालू स्थितीत असेल तर ठेवावा. मागवताना तोंडाचा फ्लँज दोन बोल्टांचा की तीन बोल्टांचा, ते खालच्या पाइपाशी ताडून बघावं.

आणि त्याला एक आवर्जून सांगा. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर टिक-टिक आवाज येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर तो टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) नसून मॅनिफोल्डच्या गळतीचा असू शकतो. बीड फुगलं की फट बंद होते म्हणून आवाज थांबतो, गळती गेलेली नसते. थंडीत काचा लावून, गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी चालू ठेवायची सवय तिकडे असते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आवाज ऐकू आला तर गळती निघेपर्यंत गाडी बंद जागेत चालू करायची नाही.

प्रश्न : हेडरला किंवा मॅनिफोल्डला बाहेरून फायबरची पट्टी गुंडाळली तर बॉनेटखालची उष्णता कमी होते का?
— एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : होते. पण पट्टी पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि उभ्या गाडीत पातळ नळी पट्टीच्या आतून गंजून जाते. बाहेरून कळतही नाही. बिडावर गुंडाळली तर ते नेहमीपेक्षा जास्त तापतं आणि तडकण्याचा धोका वाढतो. रोज चालणाऱ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घ्या. तेवढा खर्च नको असेल तर स्टार्टर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधे साध्या पत्र्याची आडवी ढाल बसवा, दोघांपासून बोटभर अंतर सोडून. ब्रॅकेट इंजिनालाच घ्या, बॉडीला नको, नाहीतर इंजिन हललं की पत्रा वाजत राहतो.